माकाफेरीचे ‘आयलंडर’ प्लॅस्टिक युकुलेले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मावशीच्या माळ्यावर, गराज सेलमध्ये किंवा जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात छोट्या गिटारसारखा दिसणारा हा चार तारांचा प्लॅस्टिकचा युकुलेले हमखास सापडतो. तबली मलईच्या रंगाची, पाठ तपकिरी, डोक्यावर ‘आयलंडर’ असं नाव. घरी आणला की पहिल्याच आठवड्यात लाकडी वाद्यासारखी त्याची देखभाल सुरू होते आणि तिथेच घात होतो. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये इतिहास बेताचा आहे आणि रसायनं, तारा, खुंट्या, तडे यांवर जास्त भर आहे.

आयलंडर हा ब्रँड कोणाचा?

मारिओ माकाफेरी यांचा. त्यांचा जन्म १९०० साली इटलीतल्या चेंतो गावी झाला. लुइजी मोझानी यांच्या हाताखाली ते वाद्यं घडवायला शिकले आणि मैफिलीत शास्त्रीय गिटारही वाजवत. १९३२च्या सुमारास पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी त्यांनी ‘डी’ अक्षरासारख्या मोठ्या भोकाची गिटार तयार केली. जॅझ गिटारवादक जॅंगो राइनहार्ट यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या सेल्मर गिटारी, त्या याच घराण्यातल्या. १९३३मध्ये हाताला इजा झाली आणि माकाफेरींचं मैफिलीत वाजवणं थांबलं. १९३९मध्ये ते अमेरिकेत आले.

तिथे त्यांच्या कंपनीचं नाव होतं फ्रेंच अमेरिकन रीड्स. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनमध्ये लागणाऱ्या पात्या, म्हणजे रीड, हा तिचा मूळ धंदा. या पात्यांचा वेत फ्रान्सहून यायचा. युद्धात तो मिळेना, तशा प्लॅस्टिकच्या पात्या आल्या. मग प्लॅस्टिकचे कपड्यांचे चिमटे झाले, भिंतीवरच्या फरशा झाल्या. साचे आणि यंत्रं हाताशी होती आणि वाद्याची जाण अंगात होती. १९४९मध्ये आयलंडर बाजारात आला.

तो इतका खपला कसा?

आर्थर गॉडफ्रे हे तेव्हा अमेरिकन रेडिओ-टीव्हीवरचं फार मोठं नाव होतं आणि कार्यक्रमात ते स्वतः युकुलेले वाजवत. १९५०मध्ये तर टीव्हीवर युकुलेले शिकवण्याचा त्यांचा वेगळा कार्यक्रमच होता. दहा डॉलरच्या आत धड वाजणारं वाद्य मिळालं तर मुलं शिकतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आयलंडरची किंमत होती ५ डॉलर ९५ सेंट. गॉडफ्रेंनी त्याचं नाव घेतलं आणि मागणीचा लोंढा आला. माकाफेरींचे सगळ्या प्रकारचे मिळून नव्वद लाखांच्या आसपास प्लॅस्टिक युकुलेले विकले गेले, असा आकडा नेहमी दिला जातो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे उत्पादन बंद पडलं.

एवढ्या संख्येमुळे आज त्याची टंचाई नाही. ‘दुर्मीळ’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. धड अवस्थेतला, तडा नसलेला, चारही मूळ खुंट्या शाबूत असलेला मात्र खरोखर कमी सापडतो. पैसे मोजायचे ते त्याला.

हे खेळणं आहे की वाद्य?

आयलंडर वाद्य आहे, आणि हे फुटपट्टीनं सिद्ध करता येतं. नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. त्याची दुप्पट केली की तारेची सैद्धांतिक लांबी येते. त्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पहिल्या पडद्याचं नटपासूनचं अंतर मिळतं. समजा बारावा पडदा १७१.५ मिमीवर आहे. मग लांबी ३४३ मिमी आणि पहिला पडदा १९.२५ मिमीवर यायला हवा. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, की पुढच्या पडद्याचं आधीच्या पडद्यापासूनचं अंतर मिळतं. आयलंडरवर हा हिशेब जुळतो. पडदे वेगळे ठोकलेले नाहीत, फ्रेटबोर्डाबरोबरच साच्यातून निघाले आहेत. साचा एकदा अचूक कोरला की लाखावा नगही तितकाच अचूक.

त्या काळच्या स्वस्त लाकडी युकुलेल्यांचे पडदे कित्येकदा अंदाजपंचे असायचे. आणि मॅटेलनं १९४७मध्ये काढलेला ‘यूक-ए-डूडल’ हे उघड उघड लहान मुलांचं खेळणं होतं. आयलंडरची गणना त्याच्यासोबत होते, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा आकार आणि माप मार्टिन कंपनीच्या सोप्रानोच्या, म्हणजे नेहमीच्या लहान युकुलेलेच्या धाटणीचं आहे.

यात कोणकोणते प्रकार होते?

आयलंडर हा मुख्य सोप्रानो. डिलक्स म्हणजे त्याचीच नटवलेली आवृत्ती. ‘टीव्ही पॅल’ हा स्वस्तातला भाऊ. टीव्हीसमोर बसून शिकायची लाट होती, तिच्यावर स्वार व्हायला ठेवलेलं हे नाव. ‘प्लेट्यून’ नावाचे नग सापडतात, तेही खालच्या किमतीचे. ‘स्पार्कल प्लेंटी आयलंडर युकेट’ मुलांसाठी होता. डिक ट्रेसी या चित्रमालिकेतल्या लांब केसांच्या बाळाचं नाव त्याला दिलं होतं. वाजवायला तो लहान पडतो, संग्राहकांना मात्र तोच हवा असतो. याशिवाय मोठ्या आकाराचा आयलंडर बॅरिटोन होता. त्याचे सूर वेगळे लागतात, ते खाली येईल.

पुढच्या काळातल्या नगांवर ‘मास्ट्रो’ हे नाव दिसतं. मास्ट्रो इंडस्ट्रीज ही माकाफेरींचीच, न्यूयॉर्कमधली कंपनी.

माझा नग कोणत्या वर्षीचा, हे कसं ओळखायचं?

नेमकं वर्ष काढायच्या फंदात पडू नका. फ्रेंच अमेरिकन रीड्स हे नाव असलेला नग आधीच्या काळातला, मास्ट्रो असलेला नंतरचा. सोबत खोका किंवा शिकवणीची पुस्तिका असेल तर त्यावर छापलेलं वर्ष हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. विक्रेत्यानं लिहिलेलं वर्ष पुराव्यात धरू नका.

दांडीवर बसवायचं बटणांचं यंत्र आलंय. ते काय आहे?

त्याला ‘कॉर्ड मास्टर’ म्हणायचे. बटण दाबलं की त्या कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला, लागणाऱ्या तारा एकदम दाबल्या जातात. बोटं बसवायची गरज नाही, उजव्या हातानं छेडायचं की झालं. बाजाची पेटी वाजवणाऱ्याला ते चटकन समजतं.

चालवून जरूर पाहा, पण ते दांडीवर कायम ठेवू नका. ते रबरानं बांधलेलं असतं आणि रबर या प्लॅस्टिकचा वैरी आहे. जुनं रबर चिकटून राहिलेल्या जागी दांडीवर खोलगट, चिकट पट्टा उमटतो. तो घासून जात नाही, कारण तो डाग नसतो. तिथलं प्लॅस्टिकच मऊ पडलेलं असतं.

हे प्लॅस्टिक नेमकं कोणतं?

पॉलिस्टायरीन. डाऊ केमिकल कंपनी ते ‘स्टायरॉन’ या नावानं विकायची. आपल्याकडे हे प्रत्येक घरात येऊन गेलेलं आहे, कारण थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. २०१८च्या बंदीआधी गणपतीसाठी थर्मोकोलची मखरं ज्यांनी केली, त्यांना पुढचं सगळं आधीच माहीत आहे. थर्मोकोलवर साधा स्प्रे पेंट मारला की खड्डे पडतात. पेट्रोलचा थेंब पडला की ते विरघळतं. चुकीचा गोंद लावला की जोड पोकळ होतो. आयलंडर भरीव असल्यामुळे हेच सगळं सावकाश होतं, एवढाच फरक.

मग त्याला काय लावायचं नाही?

ही यादी तोंडपाठ असलेली बरी.

नेल पॉलिश रिमूव्हर, ॲसिटोन, थिनर, पेट्रोल. स्टिकरचा चिकटा काढायला म्हणून लोक हे वापरतात आणि तबली पांढरी, खडबडीत होते. पुन्हा गुळगुळीत करता येत नाही.

लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल. लाकडी गिटारच्या फ्रेटबोर्डावर चोळायला ‘लेमन ऑइल’ या नावानं जे मिळतं, तेही यातच धरा. संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फुटतो, हा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलाय. सालीतलं जे द्रव्य फुग्याचं रबर खातं, तेच लिमोनीन पॉलिस्टायरीनही विरघळवतं. तेव्हा वाजवण्याआधी संत्रं सोललं असेल तर हात साबणानं धुवा. वाचायला गमतीचं वाटेल, पण सालीच्या रसाचा ठसा कायम राहतो.

डांबराच्या गोळ्या. जुनी वाद्यं आपल्याकडे कपाटात, साड्यांच्या शेजारी ठेवली जातात आणि साड्यांत नॅफ्थलीनच्या गोळ्या असतात. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. गोळी वाद्याला टेकलेली असेल तर खड्डा पडतो, टेकलेली नसली तरी बंद कपाटात पृष्ठभाग चिकट होऊ शकतो.

डासांचं मलम. ‘डीट’ हे द्रव्य असलेलं कोणतंही मलम लावलेल्या हातांनी वाद्य धरलं की बोटांचे ठसे उमटून बसतात. बाहेर बागेत वाजवणाऱ्यांनी हे जपावं.

मऊ व्हिनाइलची पिशवी आणि रबरी फेस असलेला स्टॅंड. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरतं. सहा महिने रबरी हातांच्या स्टॅंडवर टांगून ठेवलं तर दांडीवर दोन कायमचे वण दिसतील. कापडी पिशवी उत्तम. नसेल तर जुन्या सुती साडीत गुंडाळा.

साफ कसा करायचा?

तारा काढा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. पाणी हाताला सहज सोसेल इतपतच कोमट हवं. मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं एकदा, शेवटी कोरड्यानं. पडद्यांच्या कडेला बसलेला मळ दात घासायच्या मऊ ब्रशनं निघतो. वाद्य नळाखाली धरू नका. प्लॅस्टिकला पाण्यानं काही होत नाही, पण भोकातून आत गेलेलं पाणी सांध्यात अडकतं आणि खुंट्यांचे स्क्रू गंजतात.

बारीक ओरखडे घालवायचे तर २००० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, नंतर पांढरी टूथपेस्ट फडक्यावर घेऊन चमक आणा. ड्रिलला पॉलिशचा गोंडा लावून घासू नका, घर्षणाच्या उष्णतेनं पृष्ठभाग वितळून ओघळ पडतात. पिवळेपणा मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी आलेला असतो आणि तो मागे फिरवण्यासाठी केलेले उपाय फायद्यापेक्षा तोटा जास्त करतात. राहू द्या तो.

तारा कोणत्या लावायच्या?

सोप्रानो युकुलेलेच्या नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या. कोणत्याही वाद्याच्या दुकानात मिळणारा सोप्रानोचा साधा संच चालतो. स्टीलच्या तारा कधीच नाहीत. मॅंडोलिनच्या शिल्लक तारा आहेत म्हणून लावून पाहू नका. त्यांच्या ओढीनं घोडी तबलीसकट उचकटून येते.

चारही तारा एकदम काढू नका, साफसफाईचा अपवाद सोडून. एक काढा, एक लावा. घोडीच्या खाचेत तारेची गाठ अडकवतात. एकेरी गाठ निसटत असेल तर आठ आकड्याची गाठ मारा. गाठीपुढे ३-४ मिमी शेपूट ठेवून कापा, पण शेपटाचं टोक तबलीला टोचत नाही ना ते पाहा. नायलॉनचं कापलेलं टोक चांगलंच धारदार असतं आणि वर्षभरात तिथे चरा पाडतं. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत, खालच्या दिशेनं.

नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात आणि सूर उतरतच जातो. त्यात वाद्याचा दोष नाही.

सूर कोणते लावायचे?

जी, सी, ई, ए. पेटीवरून लावायचं असेल तर पांढरी एक हा सा धरा. मग मांडीवर वाद्य धरल्यावर वरून खाली तारा प, सा, ग, ध अशा येतात. सगळे शुद्ध स्वर आणि सगळे त्याच सप्तकातले. म्हणजे पहिली, प ची तार सा च्या वर बोलते. नव्या माणसाला ही उलटी रचना चुकल्यासारखी वाटते आणि तो प खाली उतरवून ठेवतो. तसं करू नका. कंपनांत सांगायचं तर ३९२, २६१.६, ३२९.६ आणि ४४०.

त्या काळच्या अमेरिकन पुस्तिकांमध्ये ए, डी, एफ शार्प, बी असे सूर दिलेले आढळतात. तेच अंतर, फक्त सा पांढरी दोनवर. आवाज जरा उजळ लागतो खरा, पण तीच तार दोन स्वरस्थानं वर चढवली की तिची ओढ २६ टक्क्यांनी वाढते. सत्तर वर्षांच्या घोडीवर ती वाढवायचं कारण नाही. तबली जरा फुगलेली वाटत असेल तर उलट एक स्वरस्थान खाली उतरवा, ओढ ११ टक्क्यांनी कमी होते.

बॅरिटोनच्या तारा डी, जी, बी, ई, म्हणजे गिटारच्या उंच सुराच्या चार तारांसारख्या. त्यावर सोप्रानोचा संच लावू नका, बॅरिटोनचा वेगळा मिळतो.

सूर बरोबर लागलाय का हे पाहायला एक कॉर्ड पुरे. चौथी, सगळ्यात खालची तार तिसऱ्या पडद्यावर दाबा, बाकीच्या तीन मोकळ्या. हा सी. तो गोड लागला तर पुढे जा.

खुंट्या घसरतात. सूर टिकत नाही.

हे दुखणं जवळजवळ प्रत्येक नगाला असतं आणि औषध अर्ध्या मिनिटाचं. या खुंट्यांना दाते नाहीत. नुसत्या घर्षणावर त्या थांबतात. खुंटीच्या बोंडाच्या टोकाला एक छोटा स्क्रू दिसेल. तारेची ओढ सैल करा, नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पाव फेरा आवळा. सूर लावून पाहा. घसरत असेल तर आणखी अष्टमांश फेरा. एकदम अर्धा फेरा देणाऱ्याच्या हातात बोंडाचे दोन तुकडे येतात.

आवळूनही घसरत असेल तर खुंटी बाहेर काढा. भोकात आणि दांड्यावर जुना तेलकट थर असतो, कारण कोणीतरी कधीतरी ‘फिरायला जड जाते’ म्हणून तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलेलं असतं. कोरड्या कापसानं पुसा आणि दांड्यावर पाटीवरचा खडू हलकासा फिरवा. पुन्हा जोडताना वॉशरचा क्रम चुकू नये म्हणून उघडताना एक फोटो काढून ठेवा.

स्क्रूच गंजला असेल तर त्यावर गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो पेट्रोलच्याच कुळातला आहे.

मोकळ्या तारा सुरात, पण वरच्या पडद्यांवर बेसूर. का?

पडदे बरोबर आहेत हे आधीच मोजून झालंय, तेव्हा त्यांना दोष देऊ नका. आधी तारा बदला. जुन्या नायलॉनची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मग बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते पाहा. अडीच मिमीच्या आसपास ठीक. चार मिमी असेल तर तार खाली दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. एवढी उंची वाढायचं कारण दोनपैकी एक: दांडी वाकली, किंवा घोडीमागची तबली फुगली.

पहिल्याच पडद्यावर स्वर चढत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे तार दाबून पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते पाहत, सुईसारख्या बारीक कानशीनं खाच खोल करा. दोन हात, मग सूर, मग पुन्हा दोन हात. जास्त खोल झाली की तार पहिल्या पडद्यावर करकरते आणि नट काढून नवा बसवायची सोय इथे नाही.

दांडी वाकली आहे. सरळ होईल का?

नाही. आत लोखंडी सळई नाही आणि हेअर ड्रायरनं तापवून सरळ करण्याच्या कल्पनेनं बरेच नग संपलेत. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या जवळ आल्यावर मऊ होतं, पण होतं ते सगळीकडून एकदम. दांडी सरळ होण्याआधी पडद्यांच्या कडा गोल होतात आणि सांधा उकलतो. थोडा बाक असेल तर सूर एक-दोन स्वरस्थानं खाली लावून पहिल्या पाच पडद्यांत वाजवा. साथीला तेवढं पुरतं. जास्त बाक असेल तर हा नग सुट्या भागांसाठी ठेवा.

तबलीला तडा गेलाय. फेव्हिक्विक चालेल?

चिकटेल, पण जोड काचेसारखा ठिसूळ राहतो आणि भोवती पांढरा धूर बसल्यासारखा डाग उमटतो. प्लंबरकडचं पीव्हीसी पाइपचं सोल्व्हंट त्याहून वाईट. ते इतकं जोरात विरघळवतं की तड्याच्या जागी खड्डा होतो. आराल्डाइट प्लॅस्टिक खात नाही, पण नीट धरतही नाही. खरवडून लावलं तर आतल्या बाजूनं आधार म्हणून चालतं, एवढंच.

योग्य वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची विमानं-जहाजं जोडायच्या संचासाठी मिळणारा पातळ, पाण्यासारखा मॉडेल सिमेंट. हे संच पॉलिस्टायरीनचेच असतात. सिमेंट दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकांत मिसळून एकजीव होतात.

तारा पूर्ण सोडा. तडा साबणाच्या पाण्यानं पुसून रात्रभर वाळू द्या. ओल किंवा घामाचं तेल राहिलं तर जोड धरत नाही. दोन कडा हातानं जुळवून पाहा. पातळीत येत नसतील तर आत बोट घालून खालून आधार द्या. मग शून्य नंबरच्या ब्रशवर सिमेंटचा एक थेंब घेऊन तड्याच्या एका टोकाला नुसता टेकवा. तो आपोआप तड्यातून पुढे धावतो. ब्रश ओढू नका, चिकटपट्टी तड्यावर लावू नका. पट्टीखाली सिमेंट पसरतो आणि तबलीवर पट्टीचा ठसा घेतो. पट्टी लावायची तर तड्यापासून एक सेंटिमीटर दूर, आडवी. बोटाचा ठसा पडण्याची भीती पहिल्या तासात सर्वांत जास्त, तेव्हा हात लावू नका. २४ तास तसंच.

तडा घोडीजवळ असेल तर आतून ठिगळ हवंच. एक मिमी जाडीच्या पॉलिस्टायरीन शीटचा १५ बाय २५ मिमी तुकडा, कोपरे गोल केलेले, तड्यावर आडवा. भोकातून हात जात नाही. तुकड्याच्या मध्यावर धागा चिकटवून लांब चिमट्यानं तो आत न्या, सिमेंट लावा आणि धाग्यानं वर ओढून धरा. हे आधी दोनदा कोरडं करून पाहा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ निरंजन-उदबत्ती नको, सिमेंटची वाफ पेट घेते. ठिगळ बसल्यावर तारा चढवायच्या आधी पूर्ण दोन दिवस थांबा आणि मग एका दिवसात पूर्ण सुरात आणू नका. आज दोन स्वर खाली, उद्या बरोबर.

पावसाळ्यात, कोकणात काळजी घ्यावी लागते का?

दमटपणाची नाही. पॉलिस्टायरीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. लाकडी वाद्य जिथे फुगतं, तिथे हा मजेत राहतो. त्याला बाधते ती उष्णता. एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला नग एका दुपारीत वाकतो. खिडकीतलं ऊन, टीव्हीच्या वरची उबदार जागा, गॅसजवळची भिंत, हे टाळा. महिनोन्‌महिने वाजवणार नसाल तर तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. थंड्या जागेतही सततच्या ओढीनं हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं हळूहळू सरकत असतं.

विकत घेताना विक्रेत्याला काय विचारायचं?

चार फोटो मागा. घोडीचा बाजूनं काढलेला, म्हणजे फुगवटा दिसेल. डोक्याकडून दांडीच्या रेषेत पाहिलेला, म्हणजे बाक दिसेल. खुंट्यांच्या मागचा. आणि बरगडीवरच्या, म्हणजे कडेच्या भिंतीवरच्या सांध्याचा, चारही बाजूंनी. तबलीवर उजेड तिरका पाडला की केसासारख्या रेषांचं जाळं दिसतं का तेही विचारा. ते जाळं म्हणजे आतला ताण बाहेर येऊ लागलाय. असा नग भिंतीवर शोभतो, सुरात टिकत नाही.

अमेरिकेतून मागवताना काही अडचण?

आयातशुल्काचे दर बदलत असतात, ते त्या वेळी पाहा. पार्सलवर मात्र वस्तूचं वर्णन ‘पॉलिस्टायरीनचा युकुलेले’ असं स्पष्ट लिहून घ्या. याची पाठ रोझवूडसारखी आणि तबली हस्तिदंतासारखी दिसते, आणि विक्रेते जाहिरातीत तेच शब्द लिहितात. ब्राझीलचं रोझवूड १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, हस्तिदंताचं तर विचारूच नका. नकली रंगासाठी खऱ्या वस्तूचे प्रश्न ओढवून घेऊ नयेत.

तारा सैल करून, दांडीखाली आणि डोक्याखाली आधार देऊन बांधायला सांगा. बबल रॅप चालतं. गार हवेतून आलेलं पार्सल उघडलं तरी वाद्य घरच्या तापमानाला येईपर्यंत तारा आवळू नका, थंडीत हे प्लॅस्टिक जास्त ठिसूळ असतं.

आवाज लाकडासारखा येतो का?

सुरुवातीचा ठोका चांगला मोठा येतो, पण स्वर लवकर विझतो. पॉलिस्टायरीन महोगनीच्या जवळजवळ दुप्पट जड आहे आणि ताठपणात तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ताठपणा यायला जाडी ठेवावी लागते आणि जाडीबरोबर वजन येतं. संथ, लांब आलापी त्यावर शोभत नाही. भराभर छेडत म्हणायच्या गाण्याला तो छान साथ देतो.

रंग देऊ का?

नको. द्यायचाच हट्ट असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, ब्रशनं. डब्यातला स्प्रे नाही. मखर आठवा.

माकाफेरींनी प्लॅस्टिकच्या गिटारीही केल्या का?

केल्या, १९५३च्या सुमारास, मोठ्यांसाठीच्या पूर्ण आकाराच्या. त्या युकुलेल्यासारख्या चालल्या नाहीत. पुढे त्यांनी प्लॅस्टिकचं व्हायोलिन केलं आणि १९९०मध्ये ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं गेलं. १९९३मध्ये ते गेले.

सुटे भाग कुठे मिळतात?

नवे कुठेच नाहीत. मोडका टीव्ही पॅल स्वस्तात घ्या आणि खुंट्या काढून वापरा. घेण्याआधी दोन्ही खुंट्यांच्या दांड्याची जाडी कॅलिपरनं मोजून जुळते का ते पाहा. आधुनिक घर्षणाच्या खुंट्याही बसतात, पण भोक मोठं करावं लागलं तर ड्रिल मशीन नको. निमुळता रीमर हातानं, दर दोन फेऱ्यांनी भुकटी झटकत फिरवा. मोडक्या नगाची पाठ फेकू नका. ठिगळाला लागणारं, त्याच जातीचं प्लॅस्टिक तिथेच मिळतं.